सरळ जावई, वाकडे घड्याळ

दिवाळसणाला सासुरवाडीच्या माजघरात येऊन बसून त्र्यंबकला पाव तासही झाला नव्हता, तोच समोरच्या भिंतीवरचे घड्याळ वाकडे असल्याचे त्याच्या ध्यानात आले.

थोडेथोडके नाही, चांगले दोन बोटे डावीकडे कललेले. आणि त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे, त्या घरातला जो कोणी वेळ पाहायला येई, तो आपली मानही तेवढीच डावीकडे कलवी. सासूबाई आल्या, मान कलवली, "चार वाजले, चहाचं बघते," म्हणाल्या आणि मान सरळ करून आत गेल्या. सासरे हरिहरपंत आले, मान कलवली, खिशातल्या तपकिरीच्या डबीवर टिचकी मारली आणि मान सरळ करून लोडाला टेकले. सगळ्या घराला मानेचे काहीतरी दुखणे असावे, असे नवख्याला वाटले असते.

हरिहरपंत कल्याणच्या कचेरीत शिरस्तेदार होते. अकरा वर्षांपूर्वी एक साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात हे घड्याळ त्यांनी घेतले. तेव्हाच ते जुने होते. शिसवी लाकडाचे, तबकडीवर रोमन आकडे, खाली काचेच्या दाराआड झुलणारा पितळी लंबक. बैलगाडीत गवतावर निजवून त्यांनी ते घरी आणले. दर रविवारी ते स्टेशनापर्यंत चालत जाऊन तिथली वेळ घेऊन येत आणि काटे बरोबर करीत. आळीतली निम्मी घरे त्या घड्याळाच्या ठोक्यांवर उठत, जेवत आणि भांडत.

त्र्यंबक ठाण्याचा. त्या वर्षी, म्हणजे १८८७ साली, तो बी. एस्सी. झाला होता. बी. ए. म्हणजे काय हे कल्याणात ठाऊक होते, एल्‌एल. बी. म्हणजे काय हे तर फारच चांगले ठाऊक होते. पण ही तिसरी पदवी कोणाला कळेना. शेजारचे प्रभाकरपंत लग्नातच विचारून बसले होते, की ही वकिलीच्या अलीकडची पायरी की पलीकडची. हरिहरपंतांनी 'अलीकडची' असे सांगून टाकले आणि तेवढ्यावरच जावयाचे भविष्य ठरले: दोन वर्षांत एल्‌एल. बी., मग कल्याणच्या कोर्टात वकिली, शेजारच्या गल्लीत बिऱ्हाड.

त्र्यंबकच्या कोटाच्या आतल्या खिशात मात्र एक वेगळेच पत्र होते. मुंबईच्या एका वेधशाळेत मदतनिसाची जागा त्याला देऊ केली होती आणि भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी होकार पोहोचायला हवा होता. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, "हरिहरपंतांची हरकत नसेल तर माझी नाही." म्हणजे नाही म्हणण्याचे काम त्यांनी व्याह्यांकडे सोपवले होते. आता चार दिवसांत कधीतरी सासऱ्यांपुढे हा विषय काढायचा होता. पहिल्या चहाच्या वेळी त्र्यंबकने तोंड उघडले, हरिहरपंतांनी "बोला, त्र्यंबकराव" म्हटले, आणि त्र्यंबकच्या तोंडून निघाले, "घड्याळ वाकडं आहे."

 ज्याला तोंडाने बोलता येत नाही तो हाताने काहीतरी करू लागतो. त्र्यंबकने पानाच्या तबकातला अडकित्ता घेतला, त्याला दोरा बांधला, तो ओळंबा घड्याळाशेजारी धरला, आणि घड्याळ ढकलून ढकलून दोऱ्याच्या रेघेत आणले. मग दोन पावले मागे सरकून त्याने समाधानाने पाहिले. हरिहरपंतांच्या कपाळावरची शीर किंचित फुगली होती. पण दिवाळसणाला आलेल्या जावयाला शब्दाने दुखवायचे नाही, हा नियम त्यांच्या कचेरीतल्या कुठल्याही कायद्याहून जुना होता.

"छान," ते म्हणाले. "फार छान."

दुसरा दिवस नरकचतुर्दशीचा. त्या पहाटे सूर्य उगवायच्या आत जो अंघोळ करत नाही तो नरकात जातो, हे सगळ्यांना माहीत असते. आणि आळीत सर्वांत आधी दिवा लागतो तो हरिहरपंतांच्या घरी, हेही सगळ्यांना माहीत होते. कोंबड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते दोनदा उठले, काडी ओढून घड्याळ पाहिले, दोन्ही वेळा सव्वादोन वाजले होते. रात्र बरीच आहे, असे म्हणून ते दोन्ही वेळा सुखाने झोपले. तिसऱ्यांदा त्यांना उठवले ते खिडकीतून तोंडावर आलेल्या उन्हाने. घड्याळात तेव्हाही सव्वादोनच होते.

मग जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही. उटणे सापडले तर तेल सापडेना, बंबाखाली जाळ नव्हता, आणि तुळशीपाशी पायाखाली चिरडायची कारिटे उन्हात हिरवीगार चमकत होती. जावयाला पहिले पाणी घालताना सासूबाई देवाची क्षमा मागत होत्या की जावयाची, ते कळत नव्हते. कुंपणापलीकडे प्रभाकरपंत न्हाऊन, गंध लावून, पोह्यांचा दुसरा प्रकार संपवून उभे होते.

"आज जरा निवांत?" त्यांनी विचारले.

अकरा वर्षांत हा प्रश्न विचारण्याची संधी त्यांना मिळाली नव्हती. हरिहरपंत ओल्या अंगाने आत निघून गेले. घड्याळ का थांबले, यावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही. तो न काढलेला शब्द पोह्यांच्या पाचही प्रकारांत त्र्यंबकला खड्यासारखा लागत राहिला.

दहाच्या सुमारास तो माजघरात आला तर घड्याळ चालू होते. आणि पुन्हा दोन बोटे वाकडे होते. त्याने ओळंबा लावून सरळ केले, तासाभरात बंद. दुपारी झोपून उठला तर वाकडे आणि चालू. त्याने सरळ केले, बंद. संध्याकाळी कंदील लावायच्या गडबडीत सासूबाई पळीच्या दांड्याने घड्याळ हळूच डावीकडे लोटताना त्याला दिसल्या. त्याला पाहताच त्या पदर सावरून म्हणाल्या, की कोळिष्टक होते. सुमती, त्याची बायको, पाण्याचा तांब्या ठेवायला आली तेव्हा दाराआडून हलकेच म्हणाली, "आजच्या दिवसात तुम्ही तीनदा बंद पाडलंत. आईनं तीनदा चालू केलं. उद्याचं काय ते आधीच ठरवून घ्या."

त्र्यंबकला अपमान वाटला, पण तो जावई म्हणून नव्हे, पदवीधर म्हणून. लंबकाचा एक झोका किती वेळाचा, हे लंबकाच्या लांबीवर ठरते. हे सूत्र त्याने परीक्षेत आकृतीसह लिहिले होते आणि त्यावर पूर्ण गुण मिळवले होते. सूत्रात घड्याळाच्या पेटीचा उल्लेखच नव्हता. मग वाकडे असताना चालणारी वस्तू सरळ होताच का थांबावी? ज्याला चार वर्षे शिकून हे सांगता येत नाही, त्याने वेधशाळेचे नाव कुठल्या तोंडाने काढायचे? खिशातले पत्र त्याला जड वाटू लागले.

तिसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, तो हट्टाने घड्याळ सरळ करून त्याच्यासमोर बसून राहिला. मागच्या पडवीत गंगुबाई आणि मालन पाडव्याच्या पंगतीचे तांदूळ कांडत होत्या. दोघी खाडीकडच्या गावातल्या. दर दिवाळीला येत. एकाच उखळात दोन मुसळे, एक वर तर दुसरे खाली, धप-धप, धप-धप. माजघराचे मागचे दार उघडे होते. मध्येच मुसळे थांबली आणि गंगुबाई उंबऱ्याबाहेर टेकून घाम पुसू लागली.

"जावयबापू," ती म्हणाली, "तुमी त्या घर्‍यालाला सकालधरनं बगता. बगू नका. आयका."

"काय ऐकू?"

"लंगरतंय ते." मग तिने त्याला समजावले, एखाद्या मंद पोराला समजावतात तसे. "आमी दोगी कांडतो. माजं मुसल वर जातं तवा मालनचं खाली येतं. मदली जागा सारकी पायजे. ही येल लावंल त मुसलावर मुसल आपटंल, नि कांडन बंद. घर्‍यालाचं तसंच हाय. येक मुसल घाईचं, येक आलशी."

"येल मी नाय लावत," मालन पडवीतून म्हणाली. "हीच घाई करते."

त्र्यंबकने डोळे मिटले. आणि त्याला ऐकू आले. टिक-टक, मग रिकामी जागा. टिक-टक, मग रिकामी जागा. तीन दिवस तो घड्याळाकडे पाहत होता. त्याच्याकडे कान म्हणून काही वस्तू आहे, हे तो विसरलाच होता. त्याने उठून घड्याळ दोन बोटे डावीकडे कलवले. टिक, टक, टिक, टक; सगळ्या जागा सारख्या.

मग त्याने काचेचे दार उघडून आत डोके घातले. वर एक दातेरी चाक होते, त्यावर दोन टोकांचा एक आकडा डोलत होता. एक टोक दात सोडी तेव्हा टिक, दुसरे सोडी तेव्हा टक. त्या आकड्याला खाली एक पितळी काडी होती आणि ती काडी लंबकाला झोका देत होती. ती काडी वाकलेली होती. अकरा वर्षांपूर्वी बैलगाडीच्या कुठल्यातरी गचक्यात वाकली असणार. वाकड्या काडीला सांभाळण्यासाठी सगळी पेटी वाकडी राहायची, आणि वाकड्या पेटीला सांभाळण्यासाठी सगळ्या घराने माना वाकड्या केल्या होत्या. तेव्हा सरळ करायची ती पेटी नव्हे, काडी.

पाडव्याच्या सकाळी त्याने पेटी ओळंब्यात धरली आणि काडी चिमटीत पकडून बेताने वाकवली. घड्याळ सरळ उभे राहून चालू लागले. हे सासऱ्यांना सांगायला तो गेला, पण ते पंगतीच्या तयारीत होते आणि 'घड्याळ' हा शब्द ऐकताच त्यांची ती शीर पुन्हा दिसू लागली. तो परत फिरला.

सुमतीने त्याला ओवाळले. तेवढाच काय तो सगळ्यांसमोर जवळ येण्याचा वेळ. निरांजन फिरवता फिरवता ती ओठ न हलवता म्हणाली, "आज पानावर बसलात की रुसा. पाडव्याला जावई रुसला की काहीही मागता येतं. बाबांना नाही म्हणता येत नाही."

"मला रुसायला येत नाही."

"घास घ्यायचा नाही आणि बोलायचं नाही. त्यात शिकण्यासारखं काय आहे?"

त्र्यंबकने मनाशी ठरवून टाकले, की असले नाटक आपल्याच्याने होणार नाही. सरळ पोटभर जेवायचे आणि भाऊबिजेनंतर ठाण्याला जाऊन वेधशाळेला नकार कळवायचा.

माजघरात पंगत बसली. रांगोळी, केळीची पाने, जावयाला चांदीचे ताट आणि चंदनी पाट. प्रभाकरपंत मुद्दाम आमंत्रण घेऊन समोरच बसले होते. चित्राहुती झाल्या, त्र्यंबकने वरणभाताचा पहिला घास उचलला, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

घड्याळ लंगडत होते. फार नाही, केसभर. पण आता त्याचे कान उघडले होते आणि उघडलेले कान मिटता येत नाहीत. टक आणि टिक यांच्या मधली जागा, टिक आणि टक यांच्या मधल्या जागेपेक्षा एवढीशी मोठी होती. त्याने घास ताटात ठेवला. डोळे मिटले.

पंगत थांबली.

"हं," प्रभाकरपंत हळूच म्हणाले. "रुसले."

हरिहरपंतांनी हे धरलेलेच होते. त्यांनी घसा साफ केला आणि जावयाला अंगठी घालायचे आधीच योजले आहे, असे सांगितले. त्र्यंबक मोजत होता, उत्तर कसले देणार? हरिहरपंतांनी अंगठीवर जरीचे उपरणे चढवले. त्र्यंबकचे डोळे मिटलेलेच. आतून सासूबाईंनी सुचवले, की चांदीचे ताट घेऊन जावे, तांब्यासुद्धा. वाढणाऱ्यांच्या पायांचा आवाज मध्ये येत होता, म्हणून त्र्यंबकने 'जरा थांबा' अशा अर्थाने एक बोट वर केले.

"अजून एक म्हणतात," प्रभाकरपंतांनी अर्थ लावला. अशा जेवणासाठी ते उपाशी राहायलाही तयार होते.

हरिहरपंतांना घाम फुटला. भात निवत होता, दहा माणसे हात आखडून बसली होती. चतुर्दशीला आळीत नाचक्की झाली होती. आता पाडव्याला जावई पानावरून उपाशी उठला तर सबंध कल्याणात होणार. त्यांनी पेल्यातले पाणी तळहातावर घेतले.

"त्र्यंबकराव," ते म्हणाले, "आता आम्ही अंदाज करत नाही. तुम्ही मागाल ते दिलं. हे पाणी सोडलं, पंचांसमक्ष." आणि पाणी त्र्यंबकच्या ताटाभोवती सोडले.

त्याच क्षणी घड्याळ थांबले. त्र्यंबक पाटावरून उठला.

पंगतीतून एक उसासा निघाला. सासूबाईंच्या हातातला तुपाचा चमचा खाली पडला. जावई मात्र दाराकडे न जाता भिंतीकडे गेला, रेशमी मुकटा खोचून स्टुलावर चढला आणि मागच्या दाराकडे तोंड करून त्याने गंगुबाईला हाक मारली. ती आणि मालन दिवाळीचे पोस्त घ्यायला पडवीत येऊन बसल्याच होत्या.

"कान द्या," तो म्हणाला आणि लंबकाला झोका दिला.

गंगुबाईने उंबऱ्याबाहेरून मान खाली घातली. "दावं मुसल आलशी हाय अजून."

त्याने काडी नखभर वाकवली.

"आता जास्ती झालं. जरा मांगं या."

तो जरा मागे आला. माजघरात दहा माणसे, घासाविना, श्वास धरून बसली होती. आणि घड्याळ कसे चालते याकडे, अकरा वर्षांत प्रथमच, त्या घरातले लोक कान लावून होते.

"थांबा," गंगुबाई म्हणाली. ती आणखी दहाबारा ठोके ऐकत राहिली. मालननेही ऐकले आणि मान डोलावली, म्हणजे भांडणाला जागा उरली नव्हती. "हां. आता बेस कांडतंय."

टिक, टक, टिक, टक. त्र्यंबकने ओळंबा लावून दाखवला. दोरा पेटीच्या कडेला शेवटपर्यंत चिकटून राहिला. मग त्याने हात धुतले, पाटावर येऊन बसला आणि निवलेला घास मोठ्या आनंदाने तोंडात घातला. तो घास संपल्यावर त्याला सगळे आपल्याकडे पाहत असल्याचे जाणवले.

"मामा, आपण काहीतरी म्हणत होतात," तो हरिहरपंतांना म्हणाला. "माझं लक्ष घड्याळाकडे होतं."

"म्हणजे तुम्ही रुसला नव्हतात?"

आता खरे सांगावे की खोटे, हा प्रश्न होता. दाराआड बांगड्या वाजल्या. जरा जोरातच वाजल्या. त्र्यंबकला आपल्या ताटाभोवती सोडलेल्या पाण्याचे ओले वर्तुळ दिसले, आणि पदवीधर असल्याने त्याचा अर्थ लावायला त्याला वेळ लागला नाही.

"रुसलो होतो," तो म्हणाला. "मला वकील व्हायचं नाही. मुंबईला वेधशाळेत जागा मिळते आहे. तिथे जाण्याची परवानगी हवी."

हरिहरपंतांनी पाण्याच्या वर्तुळाकडे पाहिले. मग प्रभाकरपंतांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पंच असल्याचा आनंद मावत नव्हता. तीस वर्षे दुसऱ्यांच्या कबुल्या लिहून घेतलेल्या माणसाला आपली कबुली पक्की झाली आहे, हे कळायला कायदा उघडावा लागला नाही.

"काम काय असतं तिथे?" त्यांनी अखेर विचारले.

"सुरुवातीला घड्याळं सांभाळायची. ती बरोबर चालतात की नाही ते पाहायचं."

हरिहरपंतांनी मान वर केली. सरळ उभे राहून घड्याळ चालले होते, आणि अकरा वर्षांत त्याच्या ठोक्याचा आवाज असा कधी आला नव्हता, हे त्यांच्याही कानाला पटले होते. फुगलेली शीर हळूहळू बसली.

"प्रभाकरपंत," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चतुर्दशीपासून हरवलेला शिरस्तेदार परत आला, "आमचे जावई सरकारची घड्याळं बघणार. अशी माणसं वकिलांसारखी पैशाला पासरी मिळत नाहीत." प्रभाकरपंतांचा थोरला मुलगा वकील होता. ते मुकाट्याने भात कालवू लागले.

मग अंगठीचा विषय निघाला. अंगठी, उपरणे, ताट आणि तांब्या ही सारी बोली गैरसमजातली, तेव्हा ती रद्द समजावी काय, असे हरिहरपंतांनी कायदेशीर भाषेत विचारले. त्र्यंबक म्हणाला, की त्याबदली गंगुबाई आणि मालन यांना एकेक चांगले लुगडे द्यावे. कॉलेजात चार वर्षे फी भरून जे कळले नाही ते त्यांनी उंबऱ्याबाहेर बसून शिकवले. लुगडी आली. गंगुबाईने पदर पसरून तपासला आणि पुढच्या वर्षी घड्याळ पुन्हा लंगडले तर बोलवा, म्हणून सांगून गेली. मालनला हिरवे हवे होते. तिला निळे मिळाले, याबद्दल ती खाडीपर्यंत कुरकुरत गेली असणार.

भाऊबीज उरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबक थेट मुंबईला निघाला. खिशातल्या पत्राशेजारी आता होकाराचे पत्र होते आणि त्यावर हरिहरपंतांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वळणदार अक्षरात पत्ता घातला होता. दही हातावर पडले. घड्याळाने आठ ठोके दिले. आळीत दोन-तीन घरांतून चुलीवरची भांडी उतरल्याचा आवाज आला.

निघता निघता त्र्यंबकने मागे वळून पाहिले. सासूबाई, सुमती, हरिहरपंत, निरोपाला आलेले प्रभाकरपंतही, सगळे ओळीने घड्याळासमोर उभे होते. घड्याळ दोऱ्यासारखे सरळ होते. आणि सगळ्यांच्या माना दोन बोटे डावीकडे कललेल्या होत्या.

हरिहरपंतांनी बराच वेळ तसेच पाहिले. शेवटी त्यांच्याने राहवेना.

"त्र्यंबकराव," ते म्हणाले, "जाता जाता एवढं बघता का जरा? मला ते आता उजवीकडे वाकडं दिसतंय."